इंजिनाचा खांदा

सुज्ञ वाचकहो, एका विहिरीवर दोन घरे कशी नांदत होती, आणि त्या दोन घरांच्या मध्ये लोखंड येऊन उभे राहिले तेव्हा काय घडले, याची हकिकत यापुढे यथाशक्ती निवेदन करण्यात येत आहे. हकिकत जळगाव जामोद तालुक्यातील सोनाळा गावची आहे. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तीन-चार वर्षे लोटली होती, त्या सुमाराची आहे. तीत राजा नाही, राणी नाही, तलवारही नाही. एक इंजिन मात्र आहे. वाचकांनी शांत चित्ताने पुढे चलावे.

पुष्पाबाईने तुपाची वाटी निखाऱ्यावर धरली, तीत हळद सोडली, बोटाने ढवळली आणि पदराने वाटी धरून ती गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली. गोठ्यात बैल नव्हते. बैलांच्या जागी चार छोट्या लोखंडी चाकांवर बसलेले हिरव्या रंगाचे इंजिन होते, आणि तिचा नवरा शालिग्राम ते फडक्याने पुसत होता.

"अवो," ती म्हणाली, "याचा खांदा कुठं असते?"

शालिग्रामने मान वर केली. दुसऱ्या दिवशी पोळा होता. पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलाचा खांदा तूप-हळदीने मळावा आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण द्यावे, हा आपल्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. वर्षभर जुवाखाली घट्टे पडलेला तो खांदा त्या एका सायंकाळी मऊ करायचा असतो. इंजिनाला घट्टे पडत नाहीत. शालिग्राम उठला आणि त्याने इंजिनाभोवती एक फेरी मारली. पुढून पाहिले, मागून पाहिले. शेवटी पट्ट्याच्या चाकापाशी, जाड आस जिथे बाहेर येतो तिथे, त्याने तळहात ठेवला.

"इथं लाव. पट्टा इथंच ओढ घेते. जिथं ओढ पडते तोच खांदा."

पुष्पाबाईने हसू ओठात दाबले आणि पोलादाला हळद लावली. मग जणू समोर पांढरा ढवळ्या उभा आहे अशा गंभीरपणे ती म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

इंजिनाने काहीच उत्तर दिले नाही. शालिग्रामला मात्र बरे वाटले. कारण त्या दिवशी सकाळीच पाटलाच्या ओट्यावर त्याने मोठी बाजी मारली होती.

ती बाजी कशाची, हे कळण्यासाठी थोडे मागे जाणे प्राप्त आहे. शालिग्राम आणि इंद्रभान हे चुलतभाऊ. बापांच्या हयातीत शेताच्या वाटण्या झाल्या, परंतु विहीर काही वाटता आली नाही. ती बांधावर तशीच राहिली. तिच्या पूर्वेला शालिग्रामची मोट, पश्चिमेला इंद्रभानची. पाळी एक दिवस आड. सोमवार हा महादेवाचा वार, त्या दिवशी नंदीच्या मानेवर जू ठेवायचे नाही, म्हणून सोमवारी दोन्ही मोटा काठावर वाळत पडायच्या. सोमवार कोणाच्याच पाळीचा नव्हता. इंद्रभानचा पानमळा होता. शेवरी-पांगाऱ्यावर चढलेल्या त्या वेलींच्या सावलीत तो लहानपणापासून अनवाणी वावरला होता. पानमळा म्हणजे देऊळच, आत जोडा चालत नाही. वेल ही जात नाजूक. तिला पाणी थोडे लागते, पण नेमाने लागते. एकदा का मुळे सुकली की मग इंद्राने अमृत आणून ओतले तरी ती मागे फिरत नाही.

शालिग्रामच्या वाट्याला काळी, सपाट जमीन आली होती. पंचायत समितीच्या सभेत त्याने 'अधिक पिकवा' असे लिहिलेली पाटी पाहिली, भाषण ऐकले, आणि मलकापूरच्या स्टेशनावर केळीच्या घडांनी भरलेली मालगाडीची वाघीण दिल्लीला निघालेली प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिली. त्या दिवसापासून त्याला स्वप्नातही घड दिसू लागले. फाल्गुनात त्याने ढवळ्या-पवळ्याची जोडी विकली, मलकापूरहून इंजिन आणले आणि सगळी काळी जमीन केळीखाली आणण्याचा बेत केला. पहिल्या दिवशी इंजिनाने विहिरीतून मनगटाएवढी धार बाहेर फेकली, तेव्हा अर्धे गाव बांधावर जमले होते. इंद्रभाननेही त्या धारेखाली ओंजळ धरून पाणी पिऊन पाहिले होते.

"गोड लागते बे," तो म्हणाला होता. "बैलाच्या पाण्यासारखंच लागते."

परंतु लोखंड दमत नाही. बैल उन्ह माथ्यावर आले की सावलीत सोडावे लागतात, इंजिनाला सावली नको. बैलाला सोमवार, इंजिनाला सगळे वार सारखे. सोमवार कोणाचाच नव्हता, म्हणून शालिग्रामने तो घेतला. वैशाखात मंगळवारी इंद्रभानची मोट विहिरीत सुटली की वर येताना गाळ घेऊन येऊ लागली. एकदा तो बांधावर येऊन म्हणाला, "दादा, मोटंत गाळ येऊन राह्यला."

"मंग तूबी घे ना इंजिन," शालिग्राम म्हणाला. "कोनं नाई म्हटलं?"

दोघांनी इंजिने लावली तर विहिरीने तरी काय करावे, हे इंद्रभानने विचारले नाही. त्या उन्हाळ्यात त्याच्या मळ्यातील कडेच्या दोन ओळी पिवळ्या पडून गेल्या. पाऊस वेळेवर आला म्हणून उरलेला मळा वाचला. दोघांचे बोलणे मात्र 'काय कसं' आणि 'बरं हाये' इतक्यावर येऊन थांबले.

आणि मग पोळा आला. पोळ्याच्या तोरणाखालून पाटलाच्या जोडीमागे दुसरी जोडी जायची ती शालिग्रामच्या घराची. हा मान त्याच्या आजापासूनचा. त्या सकाळी उकंडराव पाटलांच्या ओट्यावर मंडळी जमली असता उकंडराव पान जमवीत सहज म्हणाले, "औंदा शालिग्रामकडं जोडी नाई. मान घरातच राहू द्या. इंद्रभानची जोडी आना दुसऱ्या लंबरले."

हे वाक्य शालिग्रामला सुईसारखे टोचले. विहिरीवर आपण पुढे, आणि तोरणाखाली इंद्रभान पुढे? तो ताडकन उभा राहिला.

"जोडी नाई कोन म्हंते? माह्यं इंजिन हाये ना! दोन बैलाचं काम एकटं करते. तेच माह्या घरचे बैल."

ओट्यावर हशा पिकला. कोणीतरी म्हणाले, "शेनबी टाकते का मंग?" दुसऱ्याने विचारले, "नाकात वेसन कशी घालशीन बाप्पा?" शालिग्राम हटला नाही. जो राबतो, जो पाणी ओढतो, जो घराला खायला घालतो, तो बैल. मग त्याला कातडी आहे की पत्रा, हे पाहणारे आपण कोण? असा युक्तिवाद त्याने इतक्या कळकळीने केला, की हसणारी तोंडे हळूहळू मिटली. खरे सांगायचे तर ते बोलणे त्याचे त्यालाच पटू लागले होते.

उकंडरावांनी पान गालात सारले. "बैल म्हंतोस तं बैल. आमची ना नाई. पन बैल म्हटलं का बैलाचं सारं आलं."

"सारं आलं!" शालिग्राम छाती पुढे काढून म्हणाला. "पंचाईतीसमोर सांगतो, सारं आलं."

इंद्रभान ओट्याच्या पायरीवर बसून पायाला लागलेली माती काडीने खरवडत होता. त्याने मान वर केली नाही, फक्त त्याच्या हातातली काडी थांबली.

पोळ्याच्या दिवशी एक अडचण उभी राहिली, जिचा विचार कोणीच केला नव्हता. इंजिन तोरणापर्यंत जाणार कसे? त्याला चाके होती, पण पाय नव्हते. ढवळ्या-पवळ्याची झूल अंगावर, धुराड्याला हिंगूळ आणि बेगड, गळ्याच्या घंटा आडव्या दांडीला बांधलेल्या, असे सजलेले ते इंजिन गोठ्यात हटून बसले. शालिग्रामने खांदा लावून पाहिला. चाक चिखलात रुतले. तेवढ्यात दाराशी घुंगरे वाजली. इंद्रभान आपली सजवलेली जोडी घेऊन उभा होता.

"जुंप दादा," तो म्हणाला. "बैलाले बैल नाई नेनार तं कोन नेईन?"

येणेप्रमाणे इंद्रभानच्या जोडीने ओढलेले शालिग्रामचे इंजिन तोरणाखाली आले, आणि दुसऱ्या क्रमांकाचा मान दोघांनाही एकदमच मिळाला. झडत्या, म्हणजे पोळ्याच्या चढाओढीच्या आरोळ्या, सुरू झाल्या. एका चावट गड्याने कानावर हात ठेवून आरोळी दिली:

"गोठ्यात नाई शेन, गव्हानीत नाई कडबा,
शालिग्रामच्या बैलाले लागते तेलाचा डबा!
हर बोला, हर हर महादेव!"

सगळे गाव हसले आणि शालिग्रामही हसला. घरी आल्यावर पुष्पाबाईने इंजिनाच्या टाकीवर पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला, चाकांवर पाणी घातले. त्या दिवशी तो तृप्त मनाने झोपला.

दिवाळी सरली. पाऊस मागे फिरला, सातपुड्याकडून कोरडे वारे येऊ लागले आणि शालिग्रामने इंजिन पुन्हा विहिरीच्या काठावर नेऊन बसविले. पावसाळ्यात लावलेली केळी आता छातीला लागत होती. दुसरा तुकडाही केळीखाली आणण्यासाठी खड्डे खणून तयार होते. सकाळच्या प्रहरी त्याने हँडल मारले. इंजिनाने दोनदा खोकून टुक् टुक् सुरू केले, आणि पाटात पाणी धावू लागले. ते पाण्याचे पहिले धावणे पाहण्यात त्याला जो आनंद होता, तो खरोखर निष्पाप होता.

पलीकडून इंद्रभान आला. मळ्यातून आल्यामुळे पाय अनवाणी होते. तो इंजिनापाशी थांबला आणि त्याने मोठ्याने विचारले, कारण इंजिनाच्या आवाजात हळू बोलता येत नाही.

"दादा, आज वार कोनता?"

"सोमवार. काऊन?"

"सोमवारी बैल जुंपतेत का आपल्याकडं?"

शालिग्राम प्रथम हसला. मग त्याने चुलतभावाच्या चेहऱ्याकडे पाहिले. तेथे हसू नव्हते. रागही नव्हता. एखाद्याने आपली ठेवलेली वस्तू मागायला यावे, तसा तो शांत उभा होता.

"हे काय बैल हाये का बे?"

"मी कुठं म्हंतो? तूच म्हटला. पंचाईतीसमोर."

"ते पोळ्यापुरतं होतं!"

"मंग मानबी पोळ्यापुरताच असते ना दादा."

इंजिन चालूच ठेवून शालिग्राम तरातरा गावात गेला आणि थेट पाटलाच्या ओट्यावर चढला. उकंडराव उन्हाला बसले होते. लांबून टुक् टुक् ऐकू येत होते. शालिग्रामचे सगळे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले आणि मग कान देऊन ते म्हणाले, "तुह्या बैलाचा आवाज लय लांब येते गा."

"पाटील, ते मशीन हाये!"

"मशीन हाये तं मशीन म्हन. आमचं काही म्हन्नं नाई. म्हनशीन तसं. पन एक काही तरी म्हन. पुढल्या पोळ्याले मले सांगायले बरं पडते."

शालिग्राम ओट्याच्या कडेवर बसला. 'मशीन' हा एकच शब्द उच्चारायचा होता. तो उच्चारला असता तर कोणी त्याला अडविले नसते. परंतु त्याच्या डोळ्यांपुढे पुष्पाबाईने हळद लावलेला तो आस आला, टाकीवरची पुरणपोळी आली. आजाच्या काळापासून दुसऱ्या क्रमांकाला तोरणाखाली वाकणाऱ्या शिंगांची रांग आली, आणि तिच्या शेवटी ते हिंगूळ लावलेले धुराडे. तो उठला, विहिरीवर परत गेला आणि त्याने इंजिन बंद केले. एकाएकी शांतता झाली तेव्हा पाटातल्या पाण्याचा शेवटचा खळखळाट स्पष्ट ऐकू आला.

घरी येऊन तो पुष्पाबाईवर चिडला. "तू कायले आवतन देलं त्याले?"

"तुमीच तं खांदा दाखोला," ती म्हणाली आणि भाकर थापू लागली.

त्या दिवसापासून इंजिन सोमवार पाळू लागले. बैलाचे सारे आले म्हणजे दुपारची सोडणीही आली. उन्ह माथ्यावर आले की ते बंद व्हायचे आणि सावल्या लांबल्यावर पुन्हा सुरू व्हायचे. पहिले काही दिवस शालिग्राम मुकाट्याने, दात आवळून हे करीत असे. दुसऱ्या तुकड्याचे खड्डे तसेच राहिले. तेवढ्या पाण्यात दोन तुकडे निभणार नाहीत, हे त्याला दिसत होते. शेवटी त्याने खड्डे बुजवून तेथे हरभरा पेरला. हरभऱ्याला जमिनीतली ओल पुरते. पुष्पाबाई पदर खोचून घाटे तोडायला गेली तेव्हा ती गुणगुणत होती, आणि ते त्याने बांधावरून ऐकले.

माघात मलकापूरचा शेषराव मिस्त्री इंजिनाची तपासणी करायला आला. त्याने झाकण उघडले, आतली वंगणाची स्थिती पाहिली आणि शीळ घातली.

"शालिग्रामभाऊ, हे तं नव्यासारखं हाये! चालवता का नुसतं पुसता?"

"दुपारी सोडतो. सोमवारी जुंपत नाई."

शेषरावला वाटले की थट्टा चालली आहे. थट्टा नाही हे कळल्यावर तो पोट धरून हसला. "अगा, लोखंडाले सुटी? पानी कमी पडते तं बुडाले आडवं बोअर मारू. याच्याहून मोठं इंजिन देतो. दोन वर्सात बंगला बांधशान!"

"बोअर मारलं तं पानी कुठून येईन?"

"जमिनीतून! आनखी कुठून?"

"कोनाच्या जमिनीतून?"

शेषरावने पश्चिमेकडे पाहिले. तेथे पानमळ्याची हिरवी भिंत उभी होती. तो शहरातला माणूस, पण मूर्ख नव्हता. त्याने झाकण घट्ट केले, हात पुसले आणि म्हणाला, "बरं, च्या तरी पाजता का? का सोमवारी च्याबी बंद?"

"आज बुधवार हाये," शालिग्राम म्हणाला, आणि दोघेही हसत घराकडे निघाले. आपण इंजिनाची बाजू घेऊन बोललो की विहिरीची, हे शालिग्रामला वाटभर उमगले नाही. मात्र सोमवारबद्दल लाज न वाटता बोलण्याची ही त्याची पहिली वेळ होती.

खरी परीक्षा वैशाखात आली. इंद्रभान आई झुंबरबाईला घेऊन मेहुण्याच्या लग्नाला जळगाव जामोदला गेला. जाताना म्हणाला, "मंगळवारच्या सकाळच्या मोटारनं येतोच." रविवारी शालिग्रामची पाळी होती. सायंकाळी इंजिन थांबले तेव्हा विहिरीच्या पोटातला पांढरा धोंडा उघडा, कोरडा पडला होता. वर केळीला घड लागले होते. गरम वारा पानांच्या चिंध्या करीत होता, आणि वजनाने झाडे वाकली होती. आणखी एक भरणे मिळाले असते तर घड पोसले असते.

सोमवारी सकाळी तो हँडल घेऊन विहिरीवर गेला. आसपास कोणी नव्हते. त्याने हँडल आसात बसविले. मग, का कोण जाणे, तो काठावर वाकला. रात्रीतून विहीर चढली होती. पांढरा धोंडा अर्धा बुडाला होता. खालून, पश्चिमेच्या बाजूने, झऱ्याचे पाणी थेंब थेंब पडत असल्याचा आवाज येत होता. इंजिन सतत चालू असते तेव्हा हा आवाज ऐकू येत नाही. लहानपणी सोमवारी मोटा बंद असल्या की तो आणि इंद्रभान याच काठावर पालथे पडून, 'विहीर बोलून राह्यली' असे म्हणून तो आवाज ऐकत असत. इंजिनाचा आवाज पाटलाच्या ओट्यावर ऐकू जाईल, हाही विचार त्याच्या मनात आला, तो नाकारण्यात अर्थ नाही. त्याने हँडल काढले, धोतराला पुसले आणि तो घरी परतला.

"काय झालं?" पुष्पाबाईने विचारले.

"काही नाई. विहीर पाहून आलो."

मंगळवारी सकाळची मोटार आली, पण इंद्रभान उतरला नाही. मागाहून कळले की लग्नघरी वऱ्हाडातले एक म्हातारे उन्हाने आजारी पडले आणि त्याला थांबावे लागले. शालिग्राम फाट्यावरून परत फिरला. चुकलेली पाळी परत मिळत नाही, ते पाणी पुढच्याचे, असा त्या विहिरीचा जुना कायदा. म्हणजे सोमवारभर साचलेले ते सगळे पाणी आता न्यायाने शालिग्रामचे होते. कोणी बोट दाखवू शकत नव्हते. तो विहिरीवर आला. डाव्या हाताला त्याचे केळीचे घड, उजव्या हाताला पानमळा. मळ्याच्या कडेच्या वेली माना टाकून उभ्या होत्या. त्याने इंजिन सुरू केले.

टुक् टुक् गावात ऐकू गेले. उकंडरावांनी ओट्यावर मान हलविली. फाट्यावरच्या चहावाल्याने ऐकले. दुपारची मोटार उशिरा आली. तिच्यातून इंद्रभान उतरला, तेव्हा चहावाला बोलल्याशिवाय कसा राहील?

"तुही पाळी आज लोखंडानं खाल्ली गा इंद्रभान!"

इंद्रभान लग्नातला फेटा डोक्यावर तसाच घेऊन, आईला तेथेच सोडून, उन्हातून निघाला. शालिग्रामने त्याला लांबूनच पाहिले. त्याने इंजिन बंद केले होते, उन्ह माथ्यावर आले होते ना. तो सावलीत बसून भाकर सोडीत होता. इंद्रभानचे तोंड लालबुंद झाले होते. बांधापाशी येताच त्याच्या तोंडातून शब्द निघणार इतक्यात त्याची नजर पाटाकडे गेली. केळीकडे जाणारा पाट कोरडा ठणठणीत होता, त्यात भेगा होत्या. पश्चिमेकडचा पाट मात्र काळा, ओला होता.

तो उभा राहिला. मग त्याने पायातला नवा जोडा काढला, बांधावर नीट ठेवला आणि मळ्यात शिरला. बराच वेळ तो बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याचे पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरले होते.

"दादा," तो म्हणाला.

"हं."

"लग्नातले बुंदीचे लाडू आनले. मायजवळ हायेत. फाट्यावर बसून हाये ते."

"उन्हात बसोली का म्हातारीले? जाय, घेऊन ये पयले," शालिग्राम म्हणाला. "आन लगन कसं झालं?"

"झालं," इंद्रभान म्हणाला, आणि जोडे हातातच घेऊन पळत सुटला.

त्या वर्षी केळीचे घड थोडे बारीक भरले. मलकापूरच्या व्यापाऱ्याने नाक मुरडले, पण माल घेतला. हरभरा घरात आला, आणि पानमळ्याची एकही ओळ गेली नाही. शालिग्रामने पुढच्या वर्षासाठी तेवढाच तुकडा केळीखाली ठेवला, एक फूटही वाढविला नाही. विचारणाऱ्याला तो सांगे, "एवढंच ओढते आमचा बैल."

श्रावण सरत आला. पोळ्याच्या आदल्या सायंकाळी पुष्पाबाई तुपाची वाटी निखाऱ्यावर धरीत होती, तोच दारात पावले वाजली. इंद्रभान होता. त्याच्या हातातही एक वाटी होती, हळदीने पिवळी झालेली.

"तुह्ये बैल घरी बांधले हायेत ना?" शालिग्रामने विचारले. "इकडं काऊन आला?"

"ज्याच्या वावरात बैल राबला, त्यानंबी आवतन द्यावं लागते ना दादा."

तो गोठ्यात शिरला. दिवा अजून लावलेला नव्हता, आत अंधुक होते. त्याने खांदा कोणता हे विचारले नाही. पट्ट्याच्या चाकापाशी, जाड आस जिथे बाहेर येतो तिथे त्याचा हात गेला, आणि तो तूप हळूहळू मळू लागला.

येथे ही हकिकत संपते. लिहिण्यात जे उणेदुणे राहिले असेल ते लेखकाचे अज्ञान समजून वाचकांनी पोटात घालावे. आपला मोलाचा वेळ या साध्या कथनासाठी दिल्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार.

आपला नम्र,
तुळशीराम उकंडराव दामधर
मुक्काम सोनाळा, जिल्हा बुलढाणा